प्रभुभोजनाआधीच्या कबुलीच्या नोंदवहीविषयी पास्टोरेट कमिटीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद, पास्टोरेट कमिटी,
तसेच आदरणीय पाळकसाहेब,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या, पहिल्या रविवारी उपासना संपल्यावर सचिवांनी जी सूचना वाचून दाखवली, तिच्याविषयी मी दोन आठवडे प्रार्थना केली, कमिटीतील दोघा ज्येष्ठ बंधूंना त्यांच्या घरी जाऊन भेटलो, आणि दोन्ही ठिकाणी ‘निर्णय झालेला आहे’ एवढेच उत्तर मिळाल्यावर हे पत्र सर्वांसमोर ठेवीत आहे. नगर जिल्ह्यातील इतर मंडळ्यांतही असे काही सुरू करण्याचे बोलणे चालले आहे असे कानावर येते, म्हणून त्यांनीही हे वाचावे अशी माझी विनंती आहे.

ज्यांनी ती सूचना ऐकली नाही त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या संध्याकाळच्या प्रभुभोजनात, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीत, ज्याला भाग घ्यायचा आहे, अशा प्रत्येक दृढीकरण झालेल्या, म्हणजे आपला विश्वास जाहीर करून मंडळीत पक्क्या झालेल्या, सभासदाने त्याआधीच्या कोणत्याही एका शुक्रवारी मंडळीसमोर माइकवर येऊन आपले पाप स्पष्ट शब्दांत कबूल करावे. त्याची नोंद वहीत केली जाईल. ज्याची नोंद नसेल त्याने ताट आपल्यापुढून जाऊ द्यावे. रविवारच्या शब्बाथशाळेच्या मुलांसाठी ‘माझ्या पापांची यादी’ असा मथळा आणि खाली दहा रिकाम्या ओळी असलेला छापील कागद वाटण्यात आला.

मंडळीत पापाविषयी कोणाला काही वाटेनासे झाले आहे, असे कमिटीने त्या सूचनेत म्हटले आहे. हे दुःख खरे आहे आणि ते माझेही आहे. ज्याला आपल्या पापाची कधीच टोचणी लागली नाही, त्याला क्षमेची गोडी कळणार नाही. मार्टिन ल्यूथरने १५१७ साली जे ९५ मुद्दे मांडले, त्यांतला पहिलाच मुद्दा विश्वासणाऱ्याचे सारे आयुष्य पश्चात्तापाचे असावे असा आहे. तेव्हा माझी तक्रार पश्चात्तापाविरुद्ध आहे असे कृपा करून कोणी समजू नये. पश्चात्ताप म्हणून आपण मंडळीवर जे घालत आहात ते दुसरेच काही आहे, आणि त्याने माणसाचे काय होते हे मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिले आहे.

माझ्या धाकट्या भावानंतर आईला जे मूल झाले ते मृतच जन्मले. त्याच उन्हाळ्यात आमच्या गावी आत्मिक जागृतीच्या संजीवन सभा झाल्या. मांडवात बाहेरगावच्या एका प्रचारकाने सांगितले की, ज्या घरात मूल टिकत नाही त्या घरात झाकलेले पाप असते. आईने ते ऐकले आणि त्यानंतर अकरा वर्षे प्रभुभोजन घेतले नाही. बाकावर मी तिच्या शेजारी बसत असे. डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, भाकरीचे ताट घेऊन येत, मग द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांचा ट्रे येई, पेले एकमेकांना लागून किणकिणत. आई डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेई, दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवी, आणि ट्रे तिच्यासमोरून माझ्या वडिलांकडे जाई. आपण कोणते पाप शोधतो आहोत हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हते. एकदा तिने मावशीला विचारले होते की, लहानपणी शेजाऱ्यांच्या झाडाच्या चिंचा न विचारता पाडल्या होत्या, ते तर नसेल ना?

पुढे बदलून आलेले एक वयस्कर पाळक एका दुपारी आमच्या घरी आले, ओट्यावर बसले, चहा घेतला, आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय उघडून पवित्र शास्त्र आईच्या हातात दिले. अठ्ठाविसावे वचन त्यांनी तिला मोठ्याने वाचायला सांगितले. माणसाने आपली परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे, असे तिथे आहे. ‘परत वाचा, बाई,’ ते म्हणाले, ‘परीक्षा करावी आणि खावे. परीक्षा करावी आणि उठून जावे, असे पौलाने कुठे लिहिले आहे?’ पुढच्या प्रभुभोजनाला आईने हात पुढे केला तेव्हा तो इतका थरथरत होता की अर्धा रस पातळावर सांडला. वडिलांनी आपला रुमाल तिच्याकडे दिला. त्यांच्यापैकी कोणीही त्या दिवसाविषयी नंतर बोलले नाही.

आता मी स्वतःविषयी सांगतो, कारण पापाची खातरी काय असते हेही मला ठाऊक आहे. वडील गेल्यावर जमिनीच्या वाटण्या झाल्या. थोरल्या भावाच्या आणि माझ्या वाट्यामधला बांध मी तीन वर्षे नांगरटीच्या वेळी थोडा थोडा कोरला. बांध कोरणे म्हणजे काय, हे आपल्यातील शेती असलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. एका वर्षाला वीतभर जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. एका रविवारी उपासनेत सर्वांबरोबर पापांगीकार म्हणत असताना, त्या दिवशीच्या संदेशात जमिनीचा विषय दूरवरही नसताना, माझ्या डोळ्यांसमोर तो बांध उभा राहिला, बोरीपासून विहिरीपर्यंतचा. तू नीच आहेस, तू वाया गेलेला आहेस, असे मला काही ऐकू आले नाही. फक्त तो बांध दिसत होता, आणि शेजाऱ्याच्या शेताची सीमा सरकवणाऱ्याविषयी शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकात जे लिहिले आहे ते आठवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भावाकडे गेलो. आम्ही टेप लावून मोजले. कुठे दोन फूट, कुठे अडीच. बांध मूळ जागी घातला. भाऊ आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि मग हुरड्याला बोलावणे आले. त्यानंतर त्या बांधाने मला एक रात्रही जागे ठेवलेले नाही.

आईचे ते आणि माझे हे, या दोन्हींना आपण सरसकट ‘पापाची जाणीव’ म्हणतो, आणि आपल्या निर्णयाची चूक तिथेच आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायात प्रभू सांगतो की, पवित्र आत्मा येऊन पापाविषयी जगाची खातरी करील. आपल्या मराठी शास्त्रात शब्द आहे ‘खातरी’. हाच शब्द आपण तारणासाठी, म्हणजे पापापासून सुटकेसाठी, वापरतो. ‘तुला तारणाची खातरी आहे का’, असे आपण दृढीकरणाच्या वर्गात मुलांना विचारतो. पाप दाखवणे आणि तारणाचा भरवसा देणे ही दोन्ही कामे एकाच आत्म्याची असल्यामुळे आपल्या भाषेत त्यांना एकच शब्द मिळाला, ही मला लहानपणापासून मोठी कृपा वाटत आली आहे. खातरी नेमकी असते. तिच्यात अमुक माणूस, अमुक दिवस, अमुक रक्कम असते, आणि परत जाण्याची वाटही तिच्यातच दिसते. उलट, नुसती दोषभावना धुक्यासारखी असते; तिच्यात काय केले हे कधी कळत नाही, फक्त ‘मी वाईट’ एवढेच घुमत राहते, आणि त्यावर कितीही कबुली दिली तरी ती पुरत नाही. ल्यूथर मठात असताना पापे आठवून आठवून तासन्‌तास कबुली देत बसे आणि बाहेर पडल्यावर आणखी एखादे आठवून परत जाई. त्याला शांती मिळाली ती यादी पूर्ण झाल्यामुळे नव्हे. पौलाने करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात हा भेद केलाच आहे: एक दुःख देवाच्या इच्छेप्रमाणे असते आणि ते पश्चात्तापाकडे नेते, दुसरे जगाचे असते आणि ते मरणाकडे नेते. प्रकटीकरणात तर आपल्या बंधूंना रात्रंदिवस दोष देणारा म्हणून सैतानाचेच वर्णन आहे. तेव्हा दोष देणे हे आपोआप देवाचे काम ठरत नाही.

निर्णयाच्या बाजूने मला जे सांगण्यात आले त्याची उत्तरे देणे भाग आहे.

याकोबाच्या पत्रातील ‘आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा’ हे वचन सचिवांनी वाचले. ‘एकमेकांजवळ’ हा शब्द माझ्या मते तिथे सर्वांत वजनदार आहे. एकाने माइकवर उभे राहून बोलावे आणि दीडशे जणांनी बाकावर बसून ऐकावे, याला एकमेकांजवळ म्हणत नाहीत. भावाने अपराध केला तर आधी त्याच्याकडे एकांतात जा, ही मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील प्रभूची आज्ञाही आपण ओलांडून गेलो आहोत. आणि याकोबाच्या त्याच उताऱ्यात आजाऱ्याविषयी लिहिताना ‘त्याने पापे केली असली तर’ असे म्हटले आहे. तो ‘तर’ आपण नेहमी गाळतो. एका आंधळ्याविषयी शिष्यांनी ‘कोणी पाप केले, ह्याने की ह्याच्या आईबापांनी’ असे विचारले तेव्हा प्रभूने दोघांनाही त्या दोषातून मोकळे केले; शिलोहाचा बुरूज पडून मेलेले १८ जण इतरांपेक्षा अधिक अपराधी होते असेही त्याने मानू दिले नाही.

दुसरे कारण केडगावचे देण्यात आले. मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे संजीवन झाले त्यात मुली रडून रडून आपली पापे कबूल करीत होत्या, मग आपल्या मंडळीत तसे का होऊ नये, असे एका बंधूंनी विचारले. पंडिता रमाबाईंविषयी आपल्या सर्वांनाच आदर आहे, म्हणून तिथे काय घडले ते नीट आठवावे. त्या वर्षी जानेवारीपासून तिथल्या स्त्रिया रोज प्रार्थनेला बसत होत्या. जूनच्या अखेरीस एका संध्याकाळी रमाबाई नेहमीच्या शांतपणे योहानाचा आठवा अध्याय समजावून सांगत असताना मुलींनी आपण होऊन मोठ्याने प्रार्थना सुरू केली आणि रमाबाईंना आपले बोलणे थांबवावे लागले. त्या संध्याकाळी कोणाला नावाने पुढे बोलावले नव्हते. आणि त्या मुली कोण होत्या? दुष्काळातून वाचलेल्या, बालविधवा, घराबाहेर काढलेल्या. त्यांना रमाबाईंनी आधी छप्पर, जेवण, अक्षरओळख आणि हाताला काम दिले होते. योहानाच्या आठव्या अध्यायाच्या आरंभीच ती स्त्री आहे जिला लोकांनी मधोमध उभे केले होते, आणि प्रभूने ज्यांना एकेक करून बाहेर जायला लावले ते तिला उभे करणारे होते. शुक्रवारची सभा पाहताना मला तोच अध्याय आठवत राहतो.

माझे काही सोयरे वसईचे कॅथलिक आहेत. त्यांच्याकडे कबुली कानात दिली जाते, आणि ऐकलेले एक अक्षरही धर्मगुरूने बाहेर काढायचे नाही असा कडक नियम आहे. जीव गेला तरी नाही. आपल्या प्रोटेस्टंट पूर्वजांनी ती पद्धत सोडली, कारण देवाजवळ थेट जाता येते असे त्यांनी मानले. आज आपण तो आडपडदाही काढून टाकला आणि थेट जाण्याची वाटही अडवली.

दोन्ही शुक्रवारी मी हजर होतो. १४ जण उभे राहिले. त्यांत ११ स्त्रिया, दोन कॉलेजची मुले आणि एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी काय सांगितले ते मी येथे लिहिणार नाही, परंतु त्यांतल्या एका भगिनीचे वाक्य दुसऱ्या दिवशी सकाळी मी दळणाच्या गिरणीवर ऐकले, आणि ते सांगणारी माणसे आपल्या मंडळीची नव्हती. ती भगिनी गेल्या रविवारी उपासनेला आली नाही. कमिटीचा एकही सभासद आजवर माइकवर आलेला नाही, हे मी रागाने लिहीत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवतही नाही. हुंडा घेतल्याची कबुली कोणी दिली नाही. बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या तरी सोयरीक जुळवताना मूळची जात विचारतो, हे कोणी सांगितले नाही. बायकोवर हात उचलला, कामावरच्या बाईची मजुरी बुडवली, मंडळीच्या पैशाचा हिशोब वेळेवर दिला नाही, यांपैकी काहीही त्या दोन संध्याकाळी ऐकू आले नाही. ही पापे आपल्यात नाहीत असे कोणाचेच म्हणणे नसावे. उघड कबुलीचा नियम केला की जे आधीच खाली मान घालून वावरतात तेच उभे राहतात, आणि ज्यांची मान कधी खाली जात नाही ते ऐकायला बसतात. नाथान संदेष्टा दावीद राजाच्या राजवाड्यात गेला होता. गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगून त्याने ‘तो मनुष्य तूच आहेस’ असे म्हटले ते सिंहासनावर बसलेल्या माणसाला.

सर्वांत जास्त मला बोलायचे आहे ते मुलांच्या कागदाविषयी. मी २३ वर्षे शब्बाथशाळेत शिकवतो. मागच्या रविवारी मी ते कागद गोळा केले. बहुतेकांवर खोटे बोललो, भावाला मारले, गृहपाठ केला नाही, असे होते. एका कागदाची घडी इतकी लहान घातली होती की उलगडताना तो फाटला. त्यावर पेन्सिलीने एकच ओळ होती, दोनदा खोडून पुन्हा लिहिलेली: ‘मी प्रार्थना करताना डोळे उघडले म्हणून आई आजारी आहे.’ खालच्या नऊ ओळी रिकाम्या होत्या. ते मूल नऊ वर्षांचे आहे. मी त्याला बाहेर चाफ्याखाली घेऊन बसलो आणि असे काही नसते हे त्याला परत परत सांगितले. त्याने मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. कागद मी त्याच्या वडिलांच्या हाती दिला. त्यांच्या घरी जो आजार आहे तो मनाचा आहे, आणि विनाकारण अपराधी वाटत राहणे हे त्या आजाराचेच एक लक्षण आहे असे डॉक्टर सांगतात. त्या माउलीला कोणीतरी ‘काही लपवले असेल तर शुक्रवारी येऊन सांगा, गोळ्या लागणार नाहीत’ असा निरोप दिला, हे मला तिच्या पतीकडून कळले. हा निरोप कमिटीच्या वतीने गेला असेल असे मी मानत नाही. पण आपल्या सूचनेनेच त्याला बळ मिळाले.

जकातदार जक्कयाची गोष्ट आपण मुलांना गाण्यासह शिकवतो. प्रभूने झाडाखाली उभे राहून त्याला नावाने हाक मारली आणि ‘आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे’ असे सांगितले. त्या वेळेपर्यंत जक्कयाने एका शब्दानेही कबुली दिलेली नव्हती. चौपट परत करण्याचे तो नंतर बोलला, प्रभू घरी आल्यावर. पहिल्या प्रभुभोजनाच्या मेजावरही पेत्र बसला होता. कोंबडा आरवण्यापूर्वी तो तीनदा नाकारणार हे प्रभूला ठाऊक होते, तरी भाकर त्याच्यापुढून काढून घेतली नाही. पेत्र मागून रडला तो प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिल्यावर, प्रभूचे शब्द आठवून. पैशांसाठी प्रभूला धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला होता, हे आपण विसरतो. त्याने उघड कबुली दिली, तीही मंदिरात, मुख्य याजकांसमोर, आणि ३० रुपये परत नेऊन दिले. त्यावर धर्माच्या अधिकाऱ्यांनी काय म्हटले? त्याचे आम्हाला काय, तुझे तू पाहा. आपल्यासमोर उभ्या राहिलेल्या त्या १४ जणांच्या घरी त्यानंतर कमिटीतील कोण गेले, हा माझा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मला मिळाले पाहिजे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

प्रभुभोजनासाठी उघड कबुलीची आणि नोंदीची अट ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारच्या आत, जशी वाचून दाखवली तशीच वेदीजवळून वाचून, मागे घ्यावी. आजवर केलेल्या नोंदींची पाने त्या १४ जणांना परत द्यावीत. ती कमिटीच्या कपाटात राहू नयेत. मुलांचा कागद पुन्हा कधीही वाटू नये. आजार, मूल नसणे, मूल दगावणे, नोकरी जाणे यांना कोणाच्या पापाशी जोडणारे वाक्य आपल्या व्यासपीठावरून, पाहुण्या प्रचारकाकडूनही, निघणार नाही असा ठराव करावा, आणि डॉक्टरांचे औषध थांबवण्याचा सल्ला कोणी देत असेल तर त्याला पाळकसाहेबांनी स्वतः समज द्यावी. ज्यांना मन मोकळे करायचे आहे त्यांच्यासाठी पाळकसाहेबांनी आठवड्यातून एक संध्याकाळ राखून ठेवावी. ऐकलेले त्यांच्याजवळच राहील एवढा शब्द मंडळीला द्यावा. भगिनींसाठी एखादी वडीलधारी भगिनी असावी. ज्याने कोणाचे प्रत्यक्ष नुकसान केले आहे त्याला ते भरून देण्यासाठी दोघांच्या मध्ये बसायला मंडळीतली माणसे तयार असावीत. माझ्या आणि भावाच्या वेळी टेप धरायला तिसरे कोणी असते तर ते आठ दिवस कमी झाले असते. मंडळीचा गेल्या वर्षाचा हिशोब ईस्टरपूर्वी फलकावर लागावा, हीही मी पश्चात्तापाचीच बाब समजतो.

आपल्या उपासनेत पापांगीकार आहेच. तो आपण सर्व जण एका वेळी, एकाच तोंडाने म्हणतो, पाळकसाहेबही आपल्याबरोबरच म्हणतात, आणि त्यानंतर लगेच क्षमेचे वचन वाचले जाते. तो पापांगीकार घाईघाईने उरकला जातो ही खरी उणीव आहे. पाळकसाहेब, त्यापूर्वी आम्हाला तीन मिनिटे शांतता द्या. माइक बंद करा, पेटी थांबवा. मला माझा बांध अशाच एका रविवारी दिसला होता.

कमिटीला दिलेल्या प्रतीवर माझे नाव आणि सही आहे. येथे ते घातले नाही, कारण माझ्या वर्गावरून ते मूल ओळखू येईल. येत्या रविवारपासून माझ्या वर्गात तो कागद वाटला जाणार नाही, याची जबाबदारी माझी. त्यासाठी मला वर्गावरून काढायचे असल्यास तसे लेखी कळवावे. उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी माझी नोंद वहीत नसेल. मी आईच्या जागी, मागच्या बाकावर बसेन, आणि ट्रे आला की हात पुढे करीन. तो माझ्यापुढून न्यायचा की नाही, हे डीकन बंधूंनी तोवर कमिटीला विचारून ठेवावे.

आपला ख्रिस्तातील बंधू,
मंडळीचा सभासद व शब्बाथशाळेचा शिक्षक